गोठ्यातला सूर

मालक कॉम्प्युटर कधी बंद करत नसत. ते तो वाढवत असत. बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं, तसंच हे. “झालं का बाई तुमचं? मग वाढवू का ह्याला?” असं विचारून ते बटण दाबत आणि आतला पंखा पूर्ण थांबेपर्यंत डब्यावरचा हात काढत नसत. सुरुवातीला एकदा मी “बंद करा” म्हणून गेले. घरातल्या आजारी माणसाबद्दल वाईट बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

मालक म्हणजे माझे खोलीमालक. भुकूमला रस्त्यापासून आत त्यांचं घर, आणि घरामागे गोठा. गोठ्यात जनावरं नव्हती. रस्त्यालगतची जमीन बिल्डरला गेली, त्यानंतर म्हशीही गेल्या. रिकाम्या गोठ्याच्या भिंतींना मालकांनी भाताचं तूस भरलेली पोती लावली, आवाज घुमू नये म्हणून, आणि तिथे रेकॉर्डिंगची खोली केली. तुसात चुकूनमाकून दाणे राहायचे, दाण्यांसाठी उंदीर यायचे, आणि उंदीर वायरी कुरतडतील म्हणून मालकांनी मांजर पाळलं होतं. माझ्या एका हळदीच्या गाण्यात ते मांजर दोनदा ओरडलेलं आहे. गिऱ्हाइकाने विचारलं तेव्हा मी शुभ असतं म्हणून सांगितलं.

तरुणपणी मालक बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचे. पुढे कंबर धरायला लागली तेव्हा त्यांनी गाडीमागून चालणं सोडलं आणि पार्ट्यांना तयार ट्रॅक करून द्यायला लागले. पेनड्राइव्ह घेऊन जायचा, तो लावायचा, वर आपला कीबोर्ड आणि ढोल वाजवायचा. आमच्या भागातल्या बहुतेक वराती मालकांच्या ट्रॅकवर नाचत. देवळातल्या भजनी मंडळाची तालीमही त्यांच्याच ट्रॅकवर. हे सगळं ते एका जुन्या सॉफ्टवेअरवर करायचे. ते बनवणाऱ्या कंपनीने ते कधीच सोडून दिलं होतं.

मी पिरंगुटला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. नट, बोल्ट, वॉशर, हातमोजे. लग्नात घाणा भरताना, हळद लावताना बायका गाणी म्हणतात, ती रेकॉर्ड करायची, खाली संगीत घालायचं, नवरा-नवरीची नावं गुंफून द्यायची, असा उद्योग मी सुट्टीच्या दिवशी सुरू केला होता. त्यासाठी गोठ्यालगतची खोली भाड्याने घेतली. संगीत मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मालकांनी जेवढं दाखवलं तेवढं, त्यांच्या मशीनवर, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. गायला मालकांच्या घरातल्याच दोघी, मालकांची बायको, म्हणजे वहिनी, आणि त्यांची जाऊ. उद्योग चालला. कारखान्याने स्टोअर ठेकेदाराला दिलं तेव्हा दुसरी नोकरी शोधायची नाही, हेच करायचं, असं मी ठरवलं. नवरा म्हणाला, “बघ बाई, वय अठ्ठेचाळीस आहे.” मी म्हटलं, मला मोजता येतं.

मालकांना कशाकशाची भीती वाटायची ते सांगायला बसलं तर संपणार नाही. ढगांची वाटायची. डोंगराच्या बाजूला काळं दिसलं की ते उठून प्लग काढत, म्हणजे पावसाळ्यात आमच्या कामाचे तास ढग ठरवत. इंटरनेटची वाटायची, त्यामुळे त्या कॉम्प्युटरला ते कधीच लावलेलं नव्हतं. तिऱ्हाइताने माउसला हात लावण्याची वाटायची. सगळ्यात जास्त भीती त्या डब्यातून मधूनच येणाऱ्या टक्-टक् आवाजाची. हार्ड डिस्क म्हातारी झाली होती. टक् झालं की मालक हात वर करत आणि खोलीतली सगळी माणसं, गाणाऱ्या बायकासुद्धा, श्वास धरून उभी राहत. पुन्हा टक् झालं नाही की हात खाली. त्यांच्याकडे सगळ्या कामाच्या दोन नकला होत्या. एक बहिणीच्या गावाला, आग लागली तर असावी म्हणून. दुसरी स्टीलच्या डब्यात, डबा तांदळाच्या पिंपात, ओल लागू नये म्हणून. “माज्याकडं काय न्हाई, फकस्त भ्या हाय,” ते म्हणायचे. “पर भ्यानंच मानूस टिकतो, बाई.”

लय किती जलद ठेवायची हे ते आकड्यावरून ठरवत नसत. ट्रॅक फोनमध्ये घालून, फोन बंडीच्या खिशात टाकून अंगणात फेऱ्या मारत. घोड्यावरचा नवरदेव, त्याच्यापुढे नाचणारे, त्यांच्यामागे चपला सांभाळत येणाऱ्या बायका, एवढी सगळी वरात ते एकटे चालत. पाय अडखळला तर आत येऊन लय कमी करत. शेजारच्या नव्या इमारतीतली माणसं गॅलरीतून बघत. त्यांना वाटायचं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल.

खरी वरात मात्र त्यांनी कधी बघितली नाही. रस्त्यावरून बाजा जायला लागला की घरातली सगळी माणसं फाटकाशी जात आणि मालक मागच्या परसात. आपलंच काम ऐकून कंटाळले असतील, असं मी धरून चालले होते.

त्यांचा एक पुतण्या हिंजवडीला आयटीत. काकांचं मशीन कधीतरी दगा देणार म्हणून त्याने एकदा नवीन लॅपटॉप आणला, त्यात नवीन सॉफ्टवेअर घालून आणलं. मालकांनी आपला कीबोर्ड त्याला जोडला, हेडफोन लावला, दोन पट्ट्या दाबल्या आणि हेडफोन काढून ठेवला.

“चढं बोलतंय,” म्हणाले.

“काका, असं कसं? कॉम्प्युटर आहे तो. सा म्हणजे सा.”

“तुजा सा तुज्यापाशी ठेव. चढं हाय. ने परत.”

पुतण्या माझ्याकडे बघून हसला, मीही हसले. माणूस घाबरतो आणि घाबरलो म्हणायची लाज वाटते, मग असं काहीतरी कारण काढतो, असं मला वाटलं.

मग माझी वेळ आली.

पुण्यातल्या एका स्टुडिओने माझं एक गाणं कुणाच्या तरी लग्नात ऐकलं आणि बोलावून घेतलं. तिथल्या रेकॉर्डिस्ट बाई तिशीच्या, बोलायला सरळ. त्यांना माझ्या दहा गाण्यांचा अल्बम करायचा होता. पण तयार गाणी नको होती. प्रत्येक वाद्य सुटं, आवाज सुटे, आणि सगळं त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडलेलं हवं होतं, म्हणजे त्यांना वरून बासरी आणि व्हायोलिन घालता येणार होती.

“ताई, आमच्याकडे सगळं ह्याच्यावर चालतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आता सिरियसली करताय ना? मग एकदाचं बदलूनच टाका. आज ना उद्या बदलावं लागणारच आहे.”

मी हो म्हणाले आणि चांदणी चौकातून पिरंगुटची बस पकडली. पिरंगुट येईपर्यंत हो म्हटल्याचा पस्तावा व्हायला लागला होता.

मी भित्री बाई नाही. स्टोअरमध्ये नाग निघाला होता तेव्हा पुरुष टेबलावर चढले आणि मी त्याच्यावर बादली पालथी घातली. पण ते नवीन सॉफ्टवेअर घरी उघडलं की मी आधी उठून भांडी घासून यायचे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, कानात हेडफोन, आणि समोर करड्या रंगाची एवढी मोठी ओसाड खिडकी. जुन्यात माझा हात आपोआप जायचा. इथे साधा ढोलक कुठे ठेवलाय ते सापडायला दुपार जायची. भीती शिकण्याची नव्हती, शिकता काहीही येतं. भीती वेगळीच होती. मला संगीत येतं की मालकांचं मशीन येतं? कारखान्यात एक ऑपरेटर होता, एकाच मशीनवर अख्खी उमर गेली होती. मशीन बदललं तेव्हा तो महिन्याभरात झाडलोटीला लागला. तो मला त्या दिवसांत फार आठवायचा. हे जमलं नाही तर मला परत कुठल्यातरी स्टोअरच्या खिडकीत उभं राहावं लागणार होतं, आणि तिथेही आता माझ्या वयाची बाई कुणी घेत नाही.

मालकांना मी सांगितलं नव्हतं. सकाळी त्यांच्या गोठ्यात काम करायचं, दुपारी घरी येऊन चोरून नवीन शिकायचं. सवत करून आणल्यासारखं वाटायचं. त्यांनी ओळखलं असावं, कारण एकदा कारण नसताना म्हणाले, “बाई, कुटं बी जावा. पर हितलं काय न्यायचं आसंल तर मला इचारून न्या.”

मी विचारलं नाही. पहिलं गाणं पेनड्राइव्हमध्ये घालून घरी आणलं. वाद्यांचे नुसते सूर लिहून आणले होते, ते वाजवायला नवीन सॉफ्टवेअरमधली वाद्यं लावली. आवाज मात्र जसेच्या तसे, रेकॉर्ड केलेले. सगळं मांडून झालं. शेजारणीच्या कुकरची शिट्टी थांबायची वाट बघितली आणि सुरू केलं.

पेटी वाजली, व्हायोलिन वाजलं, चांगलं वाजलं. मग वहिनींचा आवाज आला. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं. आवाज वाद्यांच्या खाली गेला होता. पुरता खालच्या पट्टीवर नाही, दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी. जाऊबाईंचा आवाजही तिथेच. ऐकवत नव्हतं.

आधी वाटलं, मी आणताना काहीतरी चुकवलं. पुन्हा आणलं, तसंच. मग वाटलं, नवीन सॉफ्टवेअर खराब. मग तिसरंच वाटलं. वहिनी बेसूर गातात, आणि इतकी वर्षं ते मला कळलंच नाही. लोकांच्या हळदीला मी बेसूर गाणी विकली. मला कान नाहीच. बेसूर माणसाला आपण बेसूर आहोत हे कधी कळत नाही, एवढं मला माहीत होतं.

दोन दिवस मी लॅपटॉप उघडलाच नाही. मग म्हटलं, असं बसून होणार नाही. नुसते आवाज वेगळे काढले, संगीत न लावता, आणि स्टुडिओतल्या बाईंना पाठवले. काही लिहिलं नाही. फोन आला तेव्हा कणिक मळत होते. पिठाच्या हाताने घेतला.

“ताई, दोघी मस्त गातायत,” त्या म्हणाल्या. “एकमेकींना धरून आहेत, एकदम सुरात. पण सगळंच जरा खाली आहे. हेडफोनमध्ये काय ऐकवत होता त्यांना?”

“आमचाच ट्रॅक.”

“मग ट्रॅक खाली आहे तुमचा. बघा एकदा. मशीनमध्येच काहीतरी असेल.”

सूर एकटा ऐकला तर तो वर आहे की खाली, हे साध्या माणसाला कळत नाही. शेजारी दुसरा लागला की कळतं. माझ्या सुराच्या शेजारी आजवर दुसरा सूर लागलाच नव्हता.

मी गेले तेव्हा मालक अंगणात वरात चालत होते. मी म्हटलं, “तुमच्या मशीनचा सूर खाली लावलेला आहे का?”

ते थांबले. फोन खिशातून काढून बंद केला. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, त्यांना म्हणाले, “च्या टाक.” वहिनींना घालवायचं असलं की ते चहा सांगत. मग मला घेऊन गोठ्यात गेले आणि दार लावलं. कॉम्प्युटर सुरू केला. एका खिडकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, मी कधीच न उघडलेली. तिथे एक आकडा होता. जगभर वाद्यं ज्या आकड्याला लावतात तो चारशे चाळीस. तिथे चारशे एकोणतीस होतं.

“कुनाला सांगितलं का?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

“अजून नाही. हे का केलंत?”

“म्या न्हाई केलं. पेटीनं केलं.” देवळातली भजनी मंडळाची पेटी फार जुनी, तिचा सूर उतरलेला. मालकांनी पहिलेवहिले ट्रॅक केले ते मंडळासाठी. पेटी वर चढवता येत नाही, म्हणून त्यांनी मशीन खाली उतरवलं. जुळलं. मंडळ खूश झालं. “आनि मग ऱ्हायलं तसंच. इसरलो म्या. त्याच्यावरच बेंजोवाल्यांचे ट्रॅक केले.”

“त्यांचे कीबोर्ड कसे जुळले?”

“न्हाईच जुळले. पौडचा एकजन आला, म्हनला मालक, ट्रॅक माज्या कीबोर्डला लागत न्हाई. तवा मला आठावलं. पर म्या म्हनलो, तुजा कीबोर्ड चढलाय, उतर त्याला.”

“आणि त्याने उतरवला?”

“उतरावला की. बारीक बटन आस्तं मागं. मग दुसरा आला. मग समदेच उतरवाय लागले. आता बटनावर चिकटपट्टी लावत्यात, हालू नये म्हनून.”

खरं तर मला हसू यायला हवं होतं. आमच्या भागातली झाडून सगळी लग्नं एका म्हाताऱ्या पेटीच्या सुरावर नाचत होती. पण मालक कुणी ऐकतंय का म्हणून दाराकडे बघत होते, आणि मला माझी दहा गाणी दिसत होती.

“तेव्हाच सांगायचं होतं, माझी चूक झाली म्हणून.”

“सांगनार व्हतो. पर त्याच्यासंगं आनखी चौघं बसलेली, माज्याकडं शिकाय आलेली.” ते डब्यावर हात ठेवून बसले. “एक डाव न्हाई सांगितलं, की मग सांगता येत न्हाई, बाई. लांबत जातं. रस्त्यानं बाजा गेला का मला वाटतं, आता कुनीतरी थांबंल आनि म्हनंल, आरं, ही समदं खाली कसं? मशीन बदलायचं तर ह्यो आकडा बदलनार. मग समद्यास्नी कळनार.”

वहिनींनी बाहेरून दार वाजवलं. चहा झाला होता. “काय खलबतं चाललीत?” त्या म्हणाल्या. “भाडं वाढवताय का बाईंचं?”

आम्ही दोघांनी चहा घेतला.

मला एक सोपा रस्ता होता. नवीन सॉफ्टवेअरमध्येही तसली खिडकी असतेच. तिथे चारशे एकोणतीस टाकलं असतं तर वहिनींचे आवाज जागच्या जागी बसले असते आणि काम त्याच संध्याकाळी संपलं असतं. मी ती खिडकी शोधली, आकडा टाकला, ऐकलं. जुळलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मग आठवलं की बासरीवाला येणार आहे. बासरीला मागे बारीक बटण नसतं. तो विचारणार, आणि मला काहीतरी सांगावं लागणार. ते एक सांगितलं की पुढच्या गाण्याला पुन्हा तेच.

मालकांना त्या सकाळी बघितलं नसतं तर मी कदाचित तसंच ठेवलं असतं. आकडा पुसला आणि स्टुडिओतल्या बाईंना फोन केला. फोन वाजत होता तेवढ्या वेळात मी दोनदा ठेवून देणार होते.

“आमचं मशीन खाली लावलेलं होतं,” मी म्हणाले. “मला माहीत नव्हतं. दहाही गाणी पुन्हा गाऊन घेते.”

हे काम गेलं, असं मी धरलं. गॅसवर दूध होतं, त्याच्याकडे बघत उभी राहिले.

“पंधरा दिवसांत जमेल का?” त्यांनी विचारलं. कुणी लावलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

वहिनी आणि जाऊबाई बसने माझ्या घरी आल्या. बेडरूममध्ये गाद्या भिंतीला उभ्या लावल्या होत्या, त्यांच्यामध्ये दोघी उभ्या राहिल्या.

“थोडं वरून गायचंय,” मी म्हणाले.

“थोडं म्हंजी?” वहिनींनी विचारलं. “ह्यांनी तर कदी वर-खाली सांगितलं न्हाई.”

“अगं, कुटनं बी उचल,” जाऊबाई म्हणाल्या. “नवरी काय पट्टी बगून हळद लावून घेती व्हय?”

दोघी सहज गायल्या. त्यांना काही फरक पडला नाही. जाताना वहिनींनी हळूच विचारलं, “ह्यांचं आनि तुमचं काय बिनासलं का? गोठ्यात येत न्हाई आता.” मी काम वाढलंय म्हणून सांगितलं. ते खरंही होतं.

फरक मला पडला. त्या गेल्यावर मी गाणं लावलं. सगळं ताणलेलं, वर ओढलेलं, पातळ वाटत होतं. आकडा बरोबर होता. पडद्यावर सुराची रेघ जिथे हवी तिथे होती. पण आतून कुणीतरी म्हणत होतं, हे चूक आहे. माझ्या कानात ती पेटी बसली होती. मी तसंच पाठवलं. “आता परफेक्ट,” उत्तर आलं. मला आनंद झाला नाही. बरोबर काय ते मला दुसऱ्याने सांगितल्यावर कळत असेल तर या धंद्यात मी किती टिकणार, हा हिशेब मी करत बसले. तो अजून लागलेला नाही.

दहा गाणी गेली. त्यानंतर आणखी एक काम आलं. जुन्याकडे परत जायचा प्रश्न उरला नाही, मी बदलले ते बदलले. मालक आता भुकूमला नसतात. गोठा होता तिथे इमारतीचं पार्किंग होतंय, आणि ते दोघं महाळुंग्याला मुलीकडे नवव्या मजल्यावर राहतात. ढग तिथून जास्त दिसत असतील.

पण जाण्याआधी ते एकदा माझ्या घरी आले होते. पिरंगुटला एवढ्या जवळ असून पहिल्यांदाच. हातात स्टीलचा डबा. डबा उघडला तेव्हा आतल्या डिस्कला तांदळाचे दोन दाणे चिकटलेले होते.

“मशीन लई टकटकाय लागलंय,” ते म्हणाले. “जायाच्या आदी ही समदं तुमच्या नव्यात बसवून द्या. खऱ्या आकड्याला. मंडळाचं तेवढं हाय तसं ठेवा, पेटी काय वर चढनार न्हाई.”

“आणि पार्ट्यांना काय सांगणार? त्यांचे कीबोर्ड खाली लावलेत.”

“इचार केलाय. म्हनीन, मशीन बदाललं. नव्या मशीनला कीबोर्ड मूळ जागी लावा. चिकटपट्टी काढा.” ते खुर्चीच्या कडेला बसले होते, कधीही उठून पळता यावं असे. “ही खोटं न्हाई ना?”

मी म्हटलं, नाही.

पहिला ट्रॅक मी वर चढवला. वरातीचाच होता. त्यांच्या डोक्यावर हेडफोन ठेवला आणि दुसरा मी घेतला. पूर्ण ऐकेपर्यंत ते हलले नाहीत. मग हेडफोन गळ्यात सोडला.

“तुमाला बरूबर वाटतंय?”

“नाही,” मी म्हणाले.

“मला बी न्हाई.” त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखलं. “मग बरूबर हाय कशावरनं?”

मी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून, अगदी जवळ जाऊन तो वाचला. बराच वेळ वाचत राहिले. खाली रस्त्यावर कंपनीची बस थांबली, माणसं उतरली, बस गेली.

मग त्यांनी हेडफोन परत डोक्यावर चढवला, डोळे मिटले आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

“फुडचं लावा,” म्हणाले.